जोखमीचे खेळ आणि इस्लामी धर्मशास्त्र

इ. स. १२१० सालची गोष्ट. दिल्लीच्या गुलाम घराण्याचा पहिला सुलतान कुतुबुद्दीन ऐबक हा लाहोर येथें चौगान खेळत होता. चौगान म्हणजे घोड्यावर बसून लांब काठीनें चेंडू टोलवण्याचा खेळ. आज पोलो या नांवानें तो जगाला ठाऊक आहे. खेळाच्या भरांत घोडा कोसळला, सुलतान त्याच्याखालीं सांपडला आणि खोगिराचा पुढचा उंचवटा त्याच्या छातींत रुतला. ज्यानें अनेक लढायांतून आपला जीव वांचवून आणला होता, त्याचा प्राण एका चेंडूच्या पाठीमागें गेला. लाहोरच्या अनारकली बाजाराजवळ त्याची कबर आजहि आहे.

हा मृत्यु कोणत्या सदरांत घालावयाचा? रणांगणावर पडलेल्या वीराचें मरण निराळें आणि रोगानें अंथरुणावर आलेलें मरण निराळें. येथें एका धडधाकट पुरुषानें करमणुकीसाठीं घोड्यावर मांड टाकली आणि तो परत उठला नाहीं. जीव ही ईश्वरानें माणसाजवळ ठेवावयास दिलेली ठेव आहे, माणूस तिचा राखणदार आहे, धनी नव्हे, अशी इस्लामची शिकवण आहे. मग ही ठेव खेळाच्या डावावर लावणें हा विश्वासघात होतो काय? तसा होत असेल, तर ज्या धर्मानें घोडदौड, तिरंदाजी आणि कुस्ती यांना इतका मान दिला त्या धर्माच्या अनुयायानें रिकिबींत पाय तरी कसा घालावा? हा प्रश्न नुसता इतिहासांतला नाहीं. ज्या घरांतला मुलगा आज मुष्टियुद्धाचे हातमोजे विकत आणतो, त्या घरांतल्या आईबापांपुढें आणि ज्या इमामाकडे ते सल्ला विचारावयास जातात त्याच्यापुढें तोच प्रश्न उभा राहतो.

पहिली गोष्ट ध्यानांत घ्यावयाची ती ही कीं, इस्लामच्या आरंभकाळीं खेळ हा वर्ज्य विषय मानला गेला नव्हता. मदीनेंत महंमद पैगंबरांनीं घोड्यांच्या शर्यती लावल्या आणि त्यांचे पल्ले सुद्धां हदीसग्रंथांत नोंदलेले आहेत. खास खुराक देऊन व अंगावरची चरबी आटवून शर्यतीसाठीं तयार केलेले घोडे हफिया या ठिकाणापासून सनियतुल् वदा या खिंडीपर्यंत, म्हणजे पांच-सहा मैल, धांवत. तशी तयारी न झालेले घोडे त्या खिंडीपासून बनी जुरैक यांच्या मशिदीपर्यंत, म्हणजे सुमारें एक मैलच, धांवत. पुढें खलिफा झालेल्या उमर यांचे पुत्र अब्दुल्ला हे स्वतः या शर्यतींत उतरले होते. ही नोंद वाचतांना पुष्कळदां नुसती हौसेची हकीगत म्हणून सोडून दिली जाते. परंतु तिच्यांत एक मोठी बाब दडलेली आहे. ज्याची तयारी आहे त्याला लांब पल्ला, ज्याची नाहीं त्याला आंखूड. पुढें कित्येक शतकांनीं पंडितांनीं जो नियम शब्दांत बांधला, त्याचें बीज मदीनेच्या त्या धुळींत दिसतें.

दुसरी हकीगत ईदच्या दिवसाची. अबिसीनियाचे कांहीं लोक मदीनेच्या मशिदींत भाले फिरवून खेळ करीत होते. पैगंबरांच्या पत्नी आयेशा त्यांच्या आडोशाला उभ्या राहून तो खेळ पाहात होत्या आणि त्यांचें मन भरेपर्यंत पैगंबर तेथून हलले नाहींत. तेवढ्यांत उमर आले. मशिदींत हा काय प्रकार, असें वाटून त्यांनीं वाळूंतले खडे उचलून खेळणारांवर फेकले. पैगंबरांनीं उमर यांना आवरलें आणि त्या लोकांना खेळूं द्यावें असें सांगितलें. भाला हें कांहीं लहान मुलाचें खेळणें नव्हे. हात चुकला तर रक्त निघावयाचें. तरी तो खेळ सणाच्या दिवशीं आणि मशिदीच्या आंत चालूं दिला गेला. तेराव्या शतकांतले भाष्यकार नववी यांनीं याचा अर्थ असा लावला कीं, शस्त्रांचा असा खेळ हा युद्धाच्या तयारीचा भाग असल्यामुळें त्याला मोकळीक आहे.

कुस्तीचीहि कथा आहे. मक्केंत रुकाना नांवाचा एक बलदंड मल्ल होता. कुरैश टोळींत त्याला आडवा घालणारा कोणी नव्हता. पैगंबरांशीं त्याची कुस्ती झाली आणि तो खालीं पडला. त्याचा विश्वास बसेना म्हणून पुन्हां धरली, तो पुन्हां पडला. या कथेची परंपरा पक्की नाहीं असें हदीसपरीक्षकांपैकीं कांहींचें मत आहे, त्यांत तिर्मिजीसारखा मातब्बर माणूसहि आहे. तथापि कुस्ती निर्दोष आहे याचा दाखला म्हणून मुसलमान समाजानें ती पिढ्यान् पिढ्या सांगितली, एवढें खरें.

आतां नाण्याची दुसरी बाजू. ज्या मदीनेंत बाणांचा एवढा सराव चाले, त्याच मदीनेंत मशिदींतून किंवा बाजारांतून बाण घेऊन जाणारानें त्यांचीं टोंकें मुठींत झांकून धरावीं, कोणाला चुकूनहि ओरखडा येऊं नये, अशी आज्ञा होती. म्यानाबाहेर काढलेली तलवार एकमेकांच्या हातीं देऊं नये, थट्टेनें सुद्धां आपल्या भावावर शस्त्र रोखूं नये, मारामारी झालीच तर तोंडावर प्रहार करूं नये, असेहि निर्बंध हदीसग्रंथांत आहेत. जिवंत प्राणी बांधून त्याच्यावर नेम धरण्यास तर साफ मनाई आहे. तिरंदाजीला उत्तेजन आणि बाणाच्या टोंकावर मूठ, या दोन गोष्टी एकाच समाजांत एकाच वेळीं नांदत होत्या. यांत विसंगति पाहणारांनीं त्या समाजाचा स्वभाव ओळखला नाहीं असेंच म्हणावें लागेल.

जोखमीच्या खेळाविरुद्ध बोलतांना मौलवी बहुधा कुराणाच्या दुसऱ्या अध्यायांतल्या १९५ व्या आयतीचा आधार घेतात. आपल्याच हातांनीं आपणांस विनाशांत लोटूं नये, असा तिचा आशय आहे. शब्द इतके स्पष्ट आहेत कीं पुढें बोलावयास जागाच उरूं नये. पण या आयतीसंबंधीं एक जुनी हकीगत आहे, ती येथें सांगितलीच पाहिजे. मुसलमानांची फौज कॉन्स्टँटिनोपलच्या तटापुढें पडली होती. एक शिपाई एकटाच रोमन सैन्याच्या रांगेवर तुटून पडला. पाहणारे ओरडले कीं, हा तर आपल्या हातानें आपणांस विनाशांत लोटीत आहे! त्या वेळीं पैगंबरांचे वृद्ध सोबती अबू अय्यूब अन्सारी तेथें हजर होते. त्यांनीं लोकांना थांबविलें. ही आयत आम्हां मदीनेच्या लोकांसंबंधीं उतरली आहे, असें त्यांनीं सांगितलें. इस्लामचा जम बसल्यावर आतां घरीं राहून आपल्या बागा व मालमत्ता सांभाळावी, असा विचार मदीनेकरांच्या मनांत आला. त्या घरबशेपणाला तिनें विनाश म्हटलें आहे. हेच अबू अय्यूब पुढें त्या शहराच्या वेढ्यांत वारले आणि इस्तंबूलचा एक भाग आजहि त्यांच्या नांवानें ओळखला जातो.

म्हणजे जी आयत धाडसाला अडविण्यासाठीं पुढें केली जाते, तिचा पहिला रोख धाडस टाळणारांवर होता. असें असूनहि पंडितांनीं तिचा व्यापक अर्थ टाकून दिला नाहीं. आयत एका प्रसंगीं उतरली म्हणून तिचे शब्द त्या प्रसंगापुरतेच बांधले जात नाहींत, हा त्यांचा सर्वसाधारण संकेत. त्यामुळें निष्कारण जीव धोक्यांत घालणें हें पापच ठरलें. मात्र अबू अय्यूब यांच्या साक्षीमुळें एवढें झालें कीं, धोका दिसला कीं लगेच विनाश म्हणावयाचें, हा सोपा मार्ग बंद झाला. कोणता धोका आणि कशासाठीं, हें विचारणें भाग पडलें.

हें विचारण्याचें काम शास्त्रकारांनीं मोठ्या बारकाईनें केलें आहे. हानि निश्चित आहे कीं संभवनीय, कीं क्वचितच घडणारी, असे तिचे प्रकार त्यांनीं पाडले. क्वचित् घडणाऱ्या हानीसाठीं एखादी हितकर गोष्ट बंद करावयाची म्हटलें, तर समुद्रप्रवास बंद होईल, विहीर खोदणें बंद होईल आणि झाडावर चढून खजूर काढणेंहि बंद होईल. १८६९ ते १८७६ या काळांत तुर्की साम्राज्यांत तयार झालेल्या ‘मजल्ला’ नांवाच्या कायदेसंग्रहांत हे नियम सूत्ररूपानें ग्रथित केले आहेत. नुकसान करूं नये व नुकसानीचा बदला नुकसानीनें घेऊं नये, हा त्यांतील एकोणिसाव्या कलमाचा आशय. आणि निर्णय सामान्यतः घडणाऱ्या गोष्टीवरून करावा, क्वचित घडणाऱ्या गोष्टीवरून करूं नये, हा बेचाळिसाव्या कलमाचा.

परंतु खेळाच्या बाबतींत सर्वांत नेमका शब्द सांपडतो तो इब्न हजर हैतमी यांच्याकडे. हे शाफई पंथाचे पंडित सोळाव्या शतकांत मक्केंत राहात असत. कोकणांतील मुसलमान बहुतांशीं याच पंथाचे असल्यामुळें हैतमींचें नांव रत्नागिरी-रायगडच्या मदरशांतून अपरिचित नाहीं. त्यांच्यापुढें प्रश्न आला तो सापाचा. गारुड्यानें साप पकडावा कीं नाहीं? त्यांचा निर्णय असा कीं, जो आपल्या विद्येंत निष्णात आहे आणि आपण सुखरूप राहूं असें ज्याला बळकट अनुमान आहे, त्याला साप पकडण्याची मुभा आहे. आणि ओघानें त्यांनीं आणखी पुढचा सिद्धांत काढला. धोक्याचे जे नाना प्रकारचे खेळ आहेत ते, ज्याला ते उत्तम येतात आणि ज्याच्या सुखरूप राहण्याचाच संभव अधिक आहे, त्याच्यापुरते निषिद्ध नाहींत. आणि अशा वेळीं ते पाहात उभें राहणेंहि निषिद्ध नाहीं. पुढील शतकांत दमास्कसचे हनफी पंडित हस्कफी यांनींहि हाच निर्णय आपल्या ग्रंथांत घेतला.

या निर्णयांतील दोन गोष्टी विचार करण्यासारख्या आहेत. एक म्हणजे धोका हा खेळाचा गुण म्हणून मोजलेला नाहीं, खेळणाराच्या संबंधांत मोजलेला आहे. तोच दोर, तीच उंची. डोंबाऱ्याच्या मुलीला ती मोकळी आणि रस्त्यानें जाणाऱ्या हौशी माणसाला निषिद्ध. दुसरी गोष्ट अधिक मार्मिक आहे. प्रेक्षकाची मोकळीक त्यांनीं खेळाडूच्या कौशल्याला बांधून टाकली. जो पुरता शिकलेला नाहीं, जो पडण्याचाच संभव आहे, त्याच्याभोंवतीं कोंडाळें करून उभें राहणारा माणूस त्या दोषांतून सुटत नाहीं. गर्दी जमते म्हणून कच्चा खेळाडू दोरावर चढतो, हें मक्केच्या त्या पंडितानें बरोबर हेरलें होतें.

हेतूचाहि प्रश्न आहे. बाराव्या शतकांत सीरियावर राज्य करणारा नूरुद्दीन झंगी हा चौगानचा मोठा षोकी होता. त्याच्या परिचयाच्या एका विरक्त साधूनें त्याला पत्र लिहून दोष दिला कीं, धर्माच्या कांहीं उपयोगाचें नसतां तूं घोड्यांना उगाच त्रास देतोस. नूरुद्दीनचें उत्तर इतिहासकार इब्न अल्-असीर यानें नोंदून ठेवलें आहे. आपण सरहद्दीवर राहतों, शत्रु जवळ आहे, केव्हां हांक येईल आणि घोड्यावर चढावें लागेल याचा नेम नाहीं. घोडे तबेल्यांत नुसते बांधून ठेवले तर ते जड होतात, झटकन् वळणें व स्वाराच्या इशाऱ्यावर थांबणें विसरतात. म्हणून चौगान, मौजेसाठीं नव्हे, असा त्याचा आशय होता. उत्तर चोख आहे. त्यांत थोडीशी राजेलोकांची चतुराईहि असेल. कारण मौज मुळींच नव्हती असें चौगान खेळणाऱ्या माणसानें म्हणावें, हें पटण्यास जरा अवघड जातें. सोळाव्या शतकांत अकबर बादशहा तर रात्रींच्या अंधारांत पळसाच्या लांकडाचे पेटते चेंडू करून चौगान खेळे. पळसाचें लांकूड हलकें असतें आणि बराच वेळ जळत राहतें, अशी माहिती अबुल फजल यानें ऐने अकबरींत दिली आहे. त्यालाहि स्वार आणि घोडा यांच्या कसोटीचें नांव दिलेलें आहेच.

पण ज्याला सरहद्द सांभाळावयाची नाहीं, अशा साध्या माणसाच्या मौजेचें काय? गझाली हे अकराव्या शतकांतले थोर तत्त्वज्ञ. मुलाला पाठशाळेंतून सुटल्यावर चांगला खेळ खेळूं द्यावा, सतत अभ्यासाला जुंपल्यास त्याचें मन मरून जातें आणि बुद्धि मंद होते, असें त्यांनीं लिहून ठेवलें आहे. म्हणजे विसावा हें सुद्धां एक प्रयोजन ठरलें. पैगंबरांनीं आयेशेबरोबर धांवण्याची शर्यत लावली, पहिल्या वेळीं त्या जिंकल्या, पुढें कांहीं वर्षांनीं पैगंबर जिंकले आणि हंसून फिटंफाट झाल्याचें म्हणाले, त्या शर्यतींत कोणतें युद्धशिक्षण होतें?

मराठी मुलखांतल्या तालमींत या विचाराचें एक चालतेंबोलतें रूप पाहावयास सांपडतें. ‘तालीम’ हा शब्द अरबी, ‘पहिलवान’ व ‘कुस्ती’ हे फारशी, ‘वस्ताद’ हा ‘उस्ताद’चा मराठी अवतार. शब्दांबरोबर माणसेंहि आलीं. शाहू महाराजांनीं कोल्हापूरच्या खासबाग मैदानाची उभारणी केली, तेथील लाल मातींत हिंदु व मुसलमान मल्ल एकमेकांना भिडले आणि एकाच वस्तादाच्या पायां पडले. आखाड्याची माती कशी करतात तें पाहावें. ती चाळतात, तिच्यांत तेल, ताक, हळद आणि लिंबू घालतात. अंग आपटलें तर इजा होऊं नये आणि खरचटलें तर जखम चिघळूं नये, यासाठीं ही सारी यातायात. नव्या पोराला वस्ताद आधीं जोर आणि बैठका काढावयास लावतो, आणि पुष्कळ दिवस जोडीला उभें करीत नाहीं. आणि कुस्ती कशानें निकाली होते? प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागली कीं संपलें. तो उठून उभा राहतो, दोघे हात मिळवतात. कुस्तींतहि हातपाय मोडतात, कान तर पहिलवानाचे चुरगळलेलेच असतात. पण तें मोडणें हा डावाचा उद्देश नसतो. समोरच्याला दुखापत केली म्हणून कोणाला बक्षिसाचा नारळ मिळत नाहीं.

मुष्टियुद्धाची गोष्ट येथेंच निराळी होते. त्यांत समोरच्याच्या डोक्यावर प्रहार करून त्याला भान हरपून खालीं पाडणें हाच विजयाचा सर्वांत पक्का मार्ग आहे. इजा हा अपघात राहात नाहीं, तीच यशाची मोजपट्टी होते. त्यांतून ती इजा तोंडावर, म्हणजे ज्या जागेला हदीसनें विशेष जपलें त्या जागीं. दोघेहि राजी असतात हें खरें. पण आधीं सांगितलेल्या ठेवीच्या विचाराप्रमाणें येथें संमतीचें बळ तोकडें पडतें. जें स्वतःचें नाहीं तें मोडण्याची परवानगी राखणदार कशी देणार? जखमी माणूस भरपाईचा आपला हक्क सोडूं शकेल, पण त्यामुळें जखम करण्याचें पाप धुऊन निघत नाहीं. इस्लामी कायद्यांत तर चुकून झालेला मनुष्यवधहि फुकट जात नाहीं. कुराणाच्या चौथ्या अध्यायाप्रमाणें मृताच्या घरच्यांना भरपाई द्यावी लागते, त्यांनीं ती माफ केली तर गोष्ट निराळी. शिवाय एक गुलाम मुक्त करावा, तें शक्य नसेल तर सलग दोन महिने उपवास करावा लागतो. मुष्टियुद्धाच्या आखाड्यांत मात्र प्रतिस्पर्धी मेला तरी नियमानें मारणाऱ्यावर कसलाच भार येत नाहीं. ही मोकळीक शास्त्रकारांना मानवण्यासारखी नव्हती.

१९८७ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत, ता. १७ पासून २१ पर्यंत, मक्केंत जागतिक मुस्लिम संघटनेच्या फिकह परिषदेचें दहावें अधिवेशन भरलें. त्यांत हा विषय निकालांत काढण्यांत आला. मुष्टियुद्ध हें आंधळेपणा, मेंदूची इजा, हाडें मोडणें व मृत्यु यांना कारण होतें आणि मारणाऱ्यावर कांहीं जबाबदारी येत नाहीं, म्हणून तें निषिद्ध ठरविलें. ज्या मुक्त कुस्तींत एकमेकांना इजा करण्यास मोकळीक असते तीहि त्याच सदरांत गेली. केवळ व्यायामासाठीं चालणाऱ्या, इजा करण्यास वाव नसलेल्या कुस्तीला मात्र हात लावला नाहीं. बैलांशीं झुंज, तसेंच उंट, एडके व कोंबडे यांच्या झुंजी याहि निषिद्ध ठरल्या. आपल्याकडे एडक्यांच्या टकरी लावणारांनीं हें कलम ऐकून ठेवण्यासारखें आहे.

निर्णय तर्काला धरून आहे यांत शंका नाहीं. पण तो झाला तेव्हां जगांतल्या मुसलमानांचा सर्वांत लाडका वीर कोण होता? महंमद अली! १९६४ सालीं जगज्जेतेपद मिळविल्याबरोबर त्यानें कॅशियस क्ले हें नांव टाकलें आणि आपण मुसलमान असल्याचें जाहीर केलें. १९६७ सालीं धर्माचा दाखला देऊन त्यानें अमेरिकन सैन्यांत जाण्यास नकार दिला आणि त्यापायीं आपलें पद घालविलें. १९७२ मध्यें त्यानें हज केली. युद्धाला धर्मानें नकार देणारा हा माणूस आखाड्यांत मात्र उतरत राहिला. ता. १ ऑक्टोबर १९७५ रोजीं मनिला येथें जो फ्रेझरशीं झालेली त्याची झुंज चौदा फेऱ्या चालली. फ्रेझरचे डोळे सुजून मिटले होते, त्याच्या माणसानें त्याला पंधराव्या फेरीला उठूं दिलें नाहीं. आणि जिंकलेला अली आपण मरणाच्या दारांतून आलों अशा अर्थाचें बोलला. त्यानंतर बारा वर्षांनीं मक्केचा निर्णय झाला. त्याच्या तीन वर्षें आधीं, १९८४ सालीं, अलीला कंपवात जडल्याचें निदान झालें होतें. हा रोग गुद्द्यांमुळेंच झाला काय, याविषयीं वैद्यांचें एकमत नाहीं. परंतु १९९६ सालीं अटलांटा येथें ऑलिंपिकची ज्योत पेटवितांना त्याचे थरथरणारे हात ज्यांनीं पाहिले, त्यांच्या मनांत तो प्रश्न आल्याशिवाय राहिला नसेल. २०१६ सालीं तो वारला.

मक्केच्या परिषदेच्या हातीं शास्त्राचा शब्द आहे, दंडा नाहीं. त्यामुळें मुसलमान देशांतले मुष्टियोद्धे थांबले नाहींत. २०२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकांत उझबेकिस्तानच्या मुष्टियोद्ध्यांनीं पांच सुवर्णपदकें मिळविलीं. खुद्द सौदी अरबस्तानांत, दिरिया येथें, २०१९ च्या डिसेंबरांत अँथनी जोशुआ आणि अँडी रुईझ यांची जगज्जेतेपदाची झुंज मोठ्या थाटानें भरविण्यांत आली. मुफ्ती एका बाजूला आणि मैदान दुसऱ्या बाजूला, असें दृश्य इतिहासांत नवें नाहीं. नूरुद्दीनच्या साधूलाहि चौगान बंद करतां आलें नव्हतें. तरी एवढें म्हणावें लागेल कीं, नूरुद्दीननें निदान त्या पत्राला उत्तर तरी लिहिलें.

फेटाळतां येणार नाहीं असा एक आक्षेप मात्र परिषदेच्या निर्णयावर आहे, आणि तो वैद्यकाच्या बाजूनें येतो. मुष्टियोद्ध्यांची बुद्धि हळूहळू कशी भ्रमिष्ट होत जाते याचें वर्णन अमेरिकन वैद्य हॅरिसन मार्टलंड यानें १९२८ सालींच केलें होतें. पण हा रोग एका खेळापुरता राहिला नाहीं. स्कॉटलंडच्या जुन्या धंदेवाईक फुटबॉलपटूंची तपासणी करून २०१९ सालीं जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांत मेंदू झिजविणाऱ्या रोगांनीं मरण येण्याचें प्रमाण इतर लोकांच्या मानानें सुमारें साडेतीनपट आढळलें. त्यानंतर २०२० सालीं इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनें प्राथमिक शाळेंतल्या मुलांना सरावाच्या वेळीं डोक्यानें चेंडू मारण्यास मनाई केली. फुटबॉल हा कैरोपासून जाकार्तापर्यंत मुसलमान तरुणांचा जीव कीं प्राण. त्यांत कोणी कोणाला मारण्यासाठीं उतरत नाहीं. इजा हा उद्देश नाहीं. तरी कोणाच्या ध्यानांत न येतां, चेंडूच्या एकेका टोल्यानें, ती होत असेल तर? हैतमींचा गारुडी सापाच्या दंशाची भीति जाणून होता, आणि दंश झाला तर तो त्याच क्षणीं कळत होता. वीस वर्षांनीं चढणारें विष त्यांच्या उदाहरणांत बसत नाहीं.

अशा ठिकाणीं शास्त्राचाच एक जुना संकेत उपयोगी पडतो. जें आपणांस ठाऊक नाहीं तें जाणत्यांना विचारावें, ही कुराणाची आज्ञा आहे, आणि शरीराच्या बाबतींत जाणता म्हणजे वैद्य. तंबाखूच्या बाबतींत हेंच घडलें. तिचे परिणाम कळत गेले तसतसे मुफ्तींचे निर्णय कडक होत गेले. उंट बांधावा आणि मग ईश्वरावर भरंवसा ठेवावा, असें पैगंबरांनीं एका माणसाला सांगितल्याची हदीस प्रसिद्ध आहे. आणि स्वतः त्यांनीं उहुदच्या लढाईंत एकावर एक अशीं दोन चिलखतें चढविलीं होतीं. म्हणून क्रिकेटचें शिरस्त्राण, मोटारशर्यतीचा पट्टा, गिर्यारोहकाचा दोर यांना अश्रद्धा समजणारा मौलवी विरळा. खरी अडचण आहे ती ज्या ठिकाणीं चिलखतच नाहीं तेथें, आणि ज्यांना स्वतःचा निर्णय घेतां येत नाहीं त्या मुलांच्या बाबतींत. सज्ञान मल्ल आपली तयारी ओळखतो. दहा वर्षांच्या पोराची तयारी दुसऱ्यानेंच ओळखावयाची असते. आणि तेथें हैतमींच्या निर्णयांतला तो प्रेक्षक बाप म्हणून, वस्ताद म्हणून, नाहीं तर नुसता टाळ्या वाजविणारा म्हणून मैदानाच्या कडेला उभा असतो.